उलटं मारा, काका

क्षिप्रेच्या काठी जन्म काढून कमरेपेक्षा खोल पाण्यात ज्याने कधी पाऊल घातले नाही, अशा माणसाने सेवानिवृत्तीनंतर कोकणात जाऊन प्लास्टिकच्या होडीतून समुद्रात वल्हे मारावे, ही गोष्ट माझी मलाच अजून पटलेली नाही. ती घडली, एवढे मात्र खरे. गावाचे नाव मी लिहीत नाही. होडीवाल्याचेही लिहीत नाही. पूर्वीचा मी असतो, तर पहिल्याच ओळीत दोन्ही नावे तालुका-जिल्ह्यासह आली असती. ती का येत नाहीत, त्याचा खुलासा योग्य ठिकाणी होईल.

मी उज्जैनला नानाखेड्याच्या बाजूला एका कॉलनीत राहतो. महसूल न्यायालयात रीडर होतो, म्हणजे साहेबांच्या शेजारी बसून फायली पुढे करणारा आणि पक्षकारांची नावे पुकारणारा. आमचे पूर्वज दरबारच्या दप्तरात कारकून होऊन माळव्यात आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, असा आमच्या घराचा रिवाज आहे. नोकरीत असताना दुसऱ्यांचे अर्ज हाताळले, निवृत्तीनंतर स्वतःचे लिहू लागलो. बस स्टँडवरच्या भोंग्यांबद्दल लिहिले, कॉलनीतल्या नाल्यावरची फरशी नाहीशी झाली त्याबद्दल लिहिले. रामघाटावर पर्वणीच्या दिवशी माणसे कोंबून फिरणाऱ्या होड्यांत तरंगणारी जाकिटे ठेवावीत, म्हणून तर वर्षानुवर्षे लिहीत आलो. अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे, असे उत्तर येते. संबंधित विभाग म्हणजे नेमका कोणता, हे मी माहितीच्या अधिकाराखाली विचारले, तर तो अर्जही संबंधित विभागाकडे गेला.

अशाने माणूस चिडतो. मी चिडतो. पण अलीकडे असे होऊ लागले होते, की चिडल्यावर पूर्वी जी एक तरतरी यायची, ती येईनाशी झाली. पत्र लिहून पाकीट चिकटवले, की वजन उचलून आल्यासारखे खांदे दुखत.

माझी पत्नी मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिचे वडील रत्नागिरीकडचे. बँकेच्या नोकरीने उज्जैनला आले तेव्हा ती लहान होती. ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या निरोपसमारंभात सूत्रसंचालकाने तिची सेवाज्येष्ठता चुकीची सांगितली, तिच्यानंतर लागलेल्या बाईंना वरिष्ठ म्हटले, आणि मी प्रेक्षकांतून उभा राहून हरकत घेतली. हरकत योग्य होती. रेकॉर्ड तपासून नंतर ती मान्यही झाली. तेवढा वेळ पत्नी गळ्यात हार घालून व्यासपीठावर मान खाली घालून बसली होती.

पुण्याला असलेल्या आमच्या लेकीने आईच्या निवृत्तीची भेट म्हणून कोकणातली दोन सकाळींची एक सहल ठरवली. लहान गट, बरोबर माहीतगार माणूस, कधी वल्हे न धरलेल्यांसाठी सोपी कयाक. ही कयाक दोघांची असते. दुसरा कोण, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची बशी पुढे असताना निघाला.

"मी तुम्हाला नेते," पत्नी म्हणाली. "पण एका अटीवर."

"नेते? मी काय सामान आहे?"

"सामान भांडत नाही."

मी चमचा खाली ठेवला. "अट सांग."

"तिथे कोणाशीही भांडायचं नाही. लॉजवाल्याशी नाही, रिक्षावाल्याशी नाही, होडीवाल्याशी नाही. भांडलात, तर मी तुमच्याबरोबर उज्जैनला परत येणार नाही. पुण्याला उतरेन आणि लेकीकडे राहीन."

"किती दिवस?"

"ते माझं मी बघेन."

ती रागाने बोलत नव्हती. कोथिंबीर निवडत होती. चेष्टाही करत नव्हती, हे मला तिच्या हातांवरून कळले, कारण ते थांबले नाहीत.

"अपवाद?" मी विचारले. इतक्या वर्षांची सवय. कोणत्याही कराराला अपवाद लागतो.

"अपवाद नाही. अपवाद ठेवला, की तुम्ही त्यातच राहायला जाल."

मी मान्य केले आणि लेकीला फोनवर सांगितले, की आईचा आणि माझा राजीनामा झाला. ती घाबरली. आमच्याकडे कोर्टात तडजोडीला राजीनामा म्हणतात. दोन्ही पक्ष राजी झाले, की राजीनामा दाखल होतो आणि प्रकरण संपते. तिच्या पुण्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. "बाबा, तुम्ही दोघंही निवृत्त आहात," ती म्हणाली, "आता राजीनामा कशाचा देताय?" पत्नी बाजूला हसत होती. लहानपणी उज्जैनला आल्यावर अशा शब्दांनी तिचेही पुष्कळ हाल केले होते.

प्रवासात मी करार पाळला. खिडकीची जागा आमची असूनही तिथे झोपलेल्या गृहस्थांना मी उठवले नाही. लॉजमध्ये गरम पाणी मिळेल असे सांगितले होते, ते मिळाले नाही, आणि मी गार पाण्याने अंघोळ केली. पत्नी मधूनमधून माझ्याकडे बघे, ताप उतरलेल्या माणसाकडे पुन्हा चढेल म्हणून बघतात तशी.

पहिल्या सकाळी किनाऱ्यावर आम्ही पाच जण जमलो. ठाण्याचे एक नवे जोडपे, कोल्हापूरच्या बँकेतून स्वेच्छेने निवृत्त झालेल्या एक बाई, आणि आम्ही. आम्हाला नेणारा पन्नाशीकडे झुकलेला, उन्हाने रापलेला, पोट सुटलेला आणि तोंडाला खंड नसलेला माणूस होता. त्याला सगळे दादा म्हणत. त्याने सह्यांसाठी कागद पुढे केला. बाकीच्यांनी न वाचता सही केली. मी वाचू लागलो.

"काका, लग्नाच्या वेळी पण एवढं वाचलं होतं काय?" दादा म्हणाला.

सगळे हसले. सर्वांत जास्त माझी पत्नी हसली. अपघाताची जबाबदारी चालकावर राहणार नाही, असे त्या कागदात लिहिले होते. असल्या वाक्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, हे मला माहीत होते. मी सही केली.

मग रेतीत बसवून त्याने शिकवले. वल्हे कसे धरायचे, दोघांनी एकाच तालात कसे मारायचे, पुढचा ताल देतो आणि मागचा दिशा सांभाळतो. शब्द तीनच होते: पुढे मारा, मागे मारा, थांबा. मी ते तिन्ही त्याच्या मागून म्हटले. शिकवणी चांगली होती. जे चांगले होते ते लिहिले पाहिजे.

जाकिटे ढिगात होती. पत्नीच्या वाट्याला जे आले, त्याला पुढे दोन पट्टे होते. वरचे बकल ठीक होते, खालचे मोडलेले होते, आणि तिथे नायलॉनच्या सुतळीने गाठ मारली होती. मी ती गाठ पाहिली. मी पाहिली हे पत्नीने पाहिले. रामघाटावरच्या होड्यांसाठी ज्या वस्तूपायी मी इतका कागद खर्च केला होता, ती वस्तू तिच्या अंगावर सुतळीने बांधलेली होती.

"घट्ट आहे," ती हळूच म्हणाली.

मी वरचा पट्टा ओढून शक्य तेवढा आवळला.

"आवळा, काका," दादा म्हणाला. "काकू उडून जायला नकोत."

पाण्यावरचे पहिले काही क्षण मला खरोखर आवडले. ही कयाक वरून उघडी असते. आपण तिच्यात बसतो असे म्हणण्यापेक्षा तिच्या पाठीवर बसतो म्हणणे बरोबर होईल. पाणी बुडाखालून जाताना जाणवते. समुद्र त्या सकाळी शांत होता, म्हणजे समुद्राच्या मानाने. सावकाश उचलायचा आणि सावकाश खाली ठेवायचा. पत्नी पुढे, मी मागे. तिची पाठ माझ्यासमोर होती. केसांचा बारीक अंबाडा, मानेवर घामाची एक रेघ, आणि खांद्यांत एक चपळाई, जी मी घरात कधी पाहिली नव्हती किंवा पाहूनही नोंदली नव्हती. आमची वल्ही पुन्हापुन्हा एकमेकांवर आपटत होती.

"अहो, समुद्राकडे काय बघता? माझ्या वल्ह्याकडे बघा."

"बघतोय."

"बघत असता, तर आपटलं नसतं."

थोड्या वेळाने ताल जमला. मी बोलेनासा झालो, आणि मला जाणवले, की बोलण्याची गरजही पडत नाही. हात थकले होते, पण त्या थकव्यात कोणाविरुद्ध काही नव्हते.

किनाऱ्याला धरून जाताना उजवीकडे खडकांची एक जीभ समुद्रात आली होती. तिच्या टोकाशी लाटा फुटत होत्या. दादा आपल्या होडीतून सगळ्यांना तिच्या बाहेरून वळवत होता. आम्ही बोलण्यात नव्हतो, चुकतही नव्हतो, पण पाण्याने आम्हाला आत ओढले असावे, कारण दादाचा आवाज अचानक मोठा झाला.

"काका, उलटं मारा! उलटं! उलटं!"

आता इथे खुलासा करणे भाग आहे. आमच्या उज्जैनमध्ये उजव्या हाताला सीधा हात म्हणतात आणि डाव्या हाताला उलटा हात. ऑटोवाला विचारतो, भाईसाहब, सीधे हाथ पे लूँ कि उल्टे हाथ पे? आम्ही मराठी घरातलेसुद्धा पत्ता सांगताना म्हणतो, उलट्या हाताला तिसरे घर. उलटं मारा, असा हुकूम कानावर पडला आणि डोके मध्ये पडायच्या आत माझा डावा हात कामाला लागला. सगळा जीव लावून मी डावीकडे वल्हे मारले, पुढच्या दिशेने, एकदा, दोनदा, तीनदा. पुढे बसलेली पत्नी त्याच वेळी वल्हे मागे ढकलत होती. तिला तो शब्द कोकणातल्या अर्थाने, म्हणजे मागे मारा, असा कळला होता. होडी डाव्या बाजूने ढकलली, की उजवीकडे वळते. ती खडकांकडे वळली, आडवी झाली, आणि पुढच्या उसळीने आम्हाला दोघांनाही पाण्यात टाकले.

मी वर आलो तेव्हा होडीची कड हाताला लागली. पत्नी दिसली नाही. मग दिसले ते तिचे जाकीट, आणि त्याच्या आत ती. सुतळी सुटली होती. जाकीट वर सरकून तिच्या तोंडापर्यंत आले होते आणि खालून तिचे हात पाण्यावर आपटत होते. मी तिच्या नावाने ओरडलो. कायद्याचे एक वाक्य मला आठवले नाही. माझ्याकडून फक्त ते दोन अक्षरांचे नाव बाहेर पडत राहिले. दादा पोहोचला, त्याने मागून तिला धरले, जाकीट खाली ओढले, आणि आम्हा दोघांना आमच्याच होडीला लटकवून, मागे बांधून, पलीकडच्या रेतीवर आणले. हे त्याने चोख केले. तेही लिहिले पाहिजे.

रेतीवर पत्नी खोकत होती. बाकीच्यांच्या होड्या येऊन लागल्या. दादा धापा टाकत होता. भीती उतरली, की माणसाला बोलावेसे वाटते. तो बोलला.

"मी उलटं म्हणतोय, आणि काका डावीकडून पुढे हाणतायत! एमपीचे ना? मराठी येत नाही वाटतं काकांना."

ठाण्याचा मुलगा हसला. बायकोने त्याला कोपराने ढोसले.

मराठी येत नाही. जे घर पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या मुलुखात राहून संध्याकाळी पाढे मराठीत म्हणत आले, त्या घरातल्या माणसाला हे वाक्य कसे लागते, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला कळायचे नाही. माझ्याजवळ उत्तर तयार होते, आणि ते भक्कम होते. शिकवताना तुम्ही "मागे मारा" म्हणालात आणि संकटात "उलटं मारा" म्हणालात. न शिकवलेल्या शब्दाच्या चुकीची जबाबदारी शिकवणाऱ्याची. शिवाय जाकीट. जिभेवर पहिला शब्द आला होता.

पत्नीने खोकता खोकता मान वर करून माझ्याकडे पाहिले. ती वाट बघत होती. वर्षानुवर्षे पहिल्या शब्दाची वाट बघत आली होती, तशीच.

"माझी चूक," मी म्हणालो.

मला वाटते, त्या वाक्याने सर्वांत जास्त घाबरलो मीच. दादा ओशाळला. "नाही हो काका, असं काय... होतं कधी कधी." मग मी एवढेच म्हटले, अगदी हळू, की हे जाकीट बाजूला ठेवा, दुरुस्त होईपर्यंत कोणाला देऊ नका. तो म्हणाला, ठेवतो, काका.

ती दुपार आमच्या संसारातल्या चांगल्या दुपारींपैकी होती. लॉजच्या ओट्यावर ओले कपडे वाळत होते. पत्नी मध्येच हसू लागे आणि मला म्हणे, "उलटं मारा, काका!" मग तिने सांगितले, की उज्जैनला आल्यावर शाळेत बाईंनी उल्टा हाथ दिखाओ म्हटले, तेव्हा तिने तळहात फिरवून मागची बाजू दाखवली होती आणि सगळा वर्ग हसला होता.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही त्या बाईंवर तक्रार केली असतीत."

"त्या आता हयात तरी आहेत का?"

"बघा," ती म्हणाली. "चौकशी सुरू झाली."

ती माझ्याबरोबर परत येणार, याबद्दल मला त्या दुपारी शंका नव्हती. एकच सकाळ उरली होती.

दुसऱ्या सकाळी तेच जाकीट कोल्हापूरच्या बाईंच्या अंगावर होते. सुतळी तीच, गाठ नवी.

मी दादाला बाजूला घेतले. माझा आवाज खाली होता, हे मी शपथेवर सांगेन. "काल तुम्ही ठेवतो म्हणाला होतात."

"काका, एवढीच जाकिटं आहेत. बाईंना मी माझ्या बाजूलाच ठेवतो. काळजी नको."

"काल तुम्ही आमच्याही बाजूलाच होता. मग आज एक माणूस कमी न्या. मी थांबतो किनाऱ्यावर. माझं जाकीट त्यांना द्या."

हा मार्ग होता. तो न्याय्य होता, आणि त्यात भांडण नव्हते. पण दादाला ओहोटीची घाई होती, आणि ठाण्याचा मुलगा फोन उंच धरून आमचे चित्रण करत उभा होता.

"काल तुमचं मराठी, आज तुमचा कायदा," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "काका, बसा ना गप. दोन दिवस आलाय, मजा करा."

त्यानंतर मी जे बोललो ते हिंदीत बोललो. आमच्याकडे मराठी ही घरात बोलायची भाषा आहे. भांडण हिंदीत होते, कारण भांडायला माणूस घराबाहेरच जातो. "इसको लापरवाही कहते हैं! आप लिखकर दीजिए, कि ये जैकेट ठीक है! दीजिए लिखकर, अभी!" किनाऱ्यावर जाळी सोडवणारे लोक उभे राहिले. मी कलमे सांगितली. कोणत्या अधिकाऱ्याकडे जाईन ते सांगितले. थांबता आले असते तिथेही थांबलो नाही, कारण गळ्यात कालचे ते वाक्यही अडकले होते आणि तेही बाहेर येत होते. जाकिटाचा राग कुठे संपला आणि मराठीचा कुठे सुरू झाला, हे मला आज वेगळे करून दाखवता येणार नाही.

"अहो काका," कोल्हापूरच्या बाई मध्ये पडल्या, "मी तक्रार केलीय काय? माझा जीव हाय, मी बघीन की."

"बाई, तुमचा जीव एकट्या तुमचा नाही."

"मग काय तुमचा हाय?"

ठाण्याची मुलगी फिसकन हसली. दादाने वल्हे रेतीत टाकले. "आज फेरीच नाही. कोणालाच न्यायचं नाही. जा, काका, लिहा कुठं लिहायचं ते."

अशा प्रकारे ते जाकीट त्या दिवशी पाण्यात गेले नाही. माझा मुद्दा एवढाच होता, आणि तो साधला. कोणी माझे आभार मानले नाहीत. मी त्याची अपेक्षाही केली नव्हती. बाई रिकाम्या समुद्राकडे बघत रेतीत बसून राहिल्या. मला नंतर कळले, की समुद्रावर यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

पत्नीने आपले जाकीट काढले, त्यातली रेती झटकली आणि लॉजकडे चालू लागली.

मी पोहोचलो तेव्हा ती साड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, ते जाकीट—"

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तुमचं बरोबर असतंच. माझ्या निरोपाच्या दिवशीही बरोबर होतं. आजही. बरोबर माणसाजवळ राहून मी दमलेय हो."

मी तिला सांगितले, की कोणाच्या जिवाला धोका असताना गप्प राहण्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही, असा करार मुळातच रद्द असतो. बोलताना मला माझाच आवाज ऐकू आला. तो साहेबांच्या शेजारच्या खुर्चीतून येत होता.

"रद्द तर रद्द," ती म्हणाली. "मी करार मोडला म्हणून जात नाहीये. दमले म्हणून जातेय."

दमणे ही बाब कोणत्याही कलमात येत नाही.

विचित्र हे, की उज्जैनला जायचे तरी मला आधी पुण्यालाच जावे लागणार होते. म्हणजे आम्ही वेगळे झालो ते एकाच बसमध्ये, शेजारशेजारच्या जागांवर. घाट लागला तसे तिने डोळे मिटले. तिचे डोके घसरत माझ्या खांद्यावर आले. मी हललो नाही. खांदे कालच्या वल्ह्यांनी दुखत होते, तरी हललो नाही. घाट संपल्यावर ती जागी झाली आणि डोके तिथेच ठेवून बाहेर बघत राहिली.

"एक विचारू?" मी म्हणालो. "मी आज गप्प बसलो असतो तर?"

"तर आले असते तुमच्याबरोबर."

"आणि त्या बाईंना काही झालं असतं तर?"

बस एका टपरीपाशी थांबली, माणसे उतरली, चढली.

"तरी आले असते," ती म्हणाली. "आणि तुम्हाला कधी माफ केलं नसतं. काय विचारता असलं? दोन्हीकडून मलाच लागतं ते."

मग म्हणाली, "त्या माणसाविरुद्ध लिहू नका. लिहायचं तर जाकिटांबद्दल लिहा. त्याने मला पाण्यातून काढलं."

मी हो म्हणालो. या वेळी अपवाद विचारला नाही. घरी आल्यावर तसेच लिहिले, जाकिटांबद्दल, कोणाचेही नाव न घालता. माझ्या हातून गेलेले ते पहिलेच पत्र असेल ज्यात प्रतिवादी नाही.

पुण्याला लेक घ्यायला आली होती. तिने आईची बॅग घेतली आणि माझ्याकडे बघितले. पत्नीने मला सांगितले, की घरी फ्रीजमध्ये दोन डबे आहेत, वरचा आधी संपवा, आणि गॅसचा नॉब रात्री बघत जा. माझी गाडी सुटायला अवकाश होता. मी त्या दोघींना जाताना बघितले. ती एका हाताने दुखरा खांदा चोळत चालली होती. तिचेही खांदे दुखत असणार, हे माझ्या तोपर्यंत लक्षात आले नव्हते.

ती अजून पुण्यालाच आहे. सकाळी फिरायला जाते, शेजारच्या मुलींना हिंदी शिकवते. लेक सांगते, आईची झोप सुधारली आहे. हे ऐकून मला बरे वाटते, आणि ऐकून झाल्यावर पुष्कळ वेळ काही वाचवत नाही.

"बाबा, तुम्ही तिला विचारत का नाही, कधी येणार म्हणून?" लेक चिडून म्हणते. ती चिडली, की माझ्यासारखी दिसत असणार.

तिला कसे सांगू? मी जन्मभर त्या खुर्चीवर बसून बघितले आहे. जो पक्षकार तारीख मागतो, त्याला तारीख मिळते. फक्त तारीख मिळते. मग तो पुढच्या तारखेला येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो. माणसे म्हातारी झाली माझ्यासमोर तारखा घेता घेता. मला तिच्याकडून तारीख नको.

म्हणून संध्याकाळी तिचा फोन येतो तेव्हा मी विचारतो, की जेवलीस का. ती म्हणते, "जेवले. तुम्ही?"

"आत्ता बसतोय," मी म्हणतो, आणि फोन ठेवायची घाई आम्ही दोघेही करत नाही.